चाळीस अ‍ॅट्रिब्यूट्समधली कोणती घ्यायची?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरात एमएस्सी जिऑलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहेस, प्रकल्पासाठी एक थ्रीडी सिस्मिक सर्व्हे (जमिनीत सोडलेल्या तरंगांच्या परावर्तनांवरून काढलेलं खालच्या खडकांचं चित्र) आणि पाच विहिरींचे लॉग (विहिरीत खोलीनुसार घेतलेली खडकाची मोजमापं) मिळालेत. सॉफ्टवेअर बटण दाबलं की चाळीसएक अ‍ॅट्रिब्यूट, म्हणजे सिस्मिक डेटावरून मोजलेले वेगवेगळे गुण, काढून देतं. त्यातली शेल गॅस आणि शेल ऑइलच्या रिझर्व्हॉयरसाठी (शेल या घट्ट, बारीक कणांच्या खडकातल्या तेल-वायूच्या साठ्यासाठी) नेमकी कोणती वापरायची, हे कळत नाही. शेवटी आणखी एक विचारलंस, की ज्या जिल्ह्यात पायाखाली निव्वळ काळा दगड आहे, तिथं बसून हे शिकण्यात काही अर्थ आहे का.

तीस वर्षं सिस्मिक इंटरप्रिटेशन केलं आणि आता इथंच राहतो, म्हणून हा शेवटचा प्रश्न आधी घेतो.

आपल्याकडं बांधाला बांध लागून असलेले दोन शेतकरी बोअर मारतात. दगड तोच, खोली तीच. एकाला दोन इंची पाणी लागतं आणि दुसऱ्याची बोअर तीनशे फुटांपर्यंत नुसती धूळ उडवते. भरीव बसाल्ट स्वतः पाणी धरत नाही. पाणी असतं ते भेगांत, सच्छिद्र माथ्यात आणि दोन लाव्हाथरांमधल्या कुजलेल्या पट्ट्यात. पन्हाळा तालुक्यात बांदिवड्याला बसाल्टचे खांब पाहिले असशील, तर दगडातल्या उभ्या भेगा कशा असतात हे तुला वेगळं सांगायला नको. दगड सगळीकडं आहे, उत्पन्न मात्र जागेजागेवर वेगळं. शेलचा प्रश्न अगदी हाच आहे.

आणि हा नुसता दाखला नाही. गुजरातेत बडोद्याजवळ पादरा नावाचं क्षेत्र आहे. तिथं तेल निघतं ते दख्खनच्या याच काळ्या दगडातून, त्याच्या कुजलेल्या आणि भेगाळलेल्या भागातून. राजस्थानात बाडमेरजवळच्या रागेश्वरी डीपमध्ये ज्वालामुखी खडकात वायू आहे, आणि तो दगड इतका घट्ट की फ्रॅक केल्याशिवाय (दाबानं फोडल्याशिवाय) देत नाही. त्यामुळं कोल्हापूरच्या मुलीनं हा विषय घेऊ नये, असं मला मुळीच वाटत नाही. खाणीतल्या उभ्या कड्यासमोर तासभर बसलीस तर भेगांची लांबी, अंतर आणि दिशा यांचा जो अंदाज येतो, तो ऑफिसातल्या पडद्यावर येत नाही.

आता मुख्य गोष्ट. पारंपरिक रिझर्व्हॉयरमध्ये तेल एका खडकात तयार होतं, तिथून सरकत सरकत वाळूच्या किंवा चुनखडीच्या सच्छिद्र थरात येतं आणि वरच्या झाकणाखाली अडकतं. तिथं आपण शोधतो तो सापळा. शेलमध्ये तेल-वायू जिथं शिजला तिथंच बऱ्याच अंशी राहिलेला असतो. खडकाची पारगम्यता, म्हणजे द्रव-वायू वाहू देण्याची क्षमता, नॅनोडार्सी या अतिसूक्ष्म एककात मोजावी लागते, म्हणून आडवी विहीर खणून पाण्याच्या दाबानं खडक फोडायचा आणि भेगा मिटू नयेत म्हणून त्यात वाळू भरायची. टेक्ससमधल्या बार्नेट शेलमध्ये जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीनं १९९० च्या दशकाच्या अखेरीस पाण्यानं खडक फोडणं परवडेल अशा पद्धतीनं करून दाखवलं, आडव्या विहिरी त्यानंतर जोडल्या गेल्या, आणि तिथून हा सगळा उद्योग उभा राहिला. आपल्याकडं जानेवारी २०११ मध्ये ओएनजीसीनं दुर्गापूरजवळ इच्छापूरला बॅरन मेझर्स शेलमधून वायू काढून दाखवला. खंबातच्या खोऱ्यातला कॅम्बे शेल हा दुसरा मोठा उमेदवार.

म्हणून अ‍ॅट्रिब्यूट निवडताना मी तीनच गोष्टी विचारतो. या जागी सेंद्रिय द्रव्य पुरेसं आहे का? खडक फोडला तर फुटेल का, आणि फुटलेला राहील का? आणि आधीपासूनच्या भेगा व फॉल्ट (थर तुटून सरकल्याच्या जागा) कुठं आहेत, ते मदत करतील की घात? जे अ‍ॅट्रिब्यूट या तिन्हींपैकी एकाचंही उत्तर देत नाही, ते कितीही सुंदर रंगात दिसलं तरी प्रकल्पात घेऊ नकोस. आणि जे घेशील त्याच्यापुढं एका वाक्यात लिहून ठेव: खडकातल्या कुठल्या गुणामुळं हा आकडा बदलतो? ते वाक्य लिहिता आलं नाही, तर ते अ‍ॅट्रिब्यूट तुला समजलेलं नाही असं धर.

सेंद्रिय द्रव्यापासून सुरू करू. केरोजेन, म्हणजे ज्यातून तेल-वायू तयार होतो ते खडकातलं सेंद्रिय द्रव्य, हलकं असतं. त्याची घनता १.१ ते १.४ ग्रॅम प्रति घनसेंमी, तर शेलमधल्या खनिजांची २.७ च्या आसपास. त्यातून तरंग जातोही हळू. म्हणून सेंद्रिय द्रव्य वाढलं की अकूस्टिक इम्पिडन्स (घनता गुणिले तरंगाचा वेग) घसरतो. जाड आणि समृद्ध शेलच्या माथ्यावरून येणारं परावर्तन जवळच्या ऑफसेटवर (तरंग सोडण्याची आणि नोंदण्याची जागा यांतलं अंतर कमी असताना) ठळक असतं आणि ऑफसेट वाढेल तसं मंदावतं. एव्हीओच्या (ऑफसेटनुसार परावर्तनाचा जोर कसा बदलतो त्या अभ्यासाच्या) भाषेत हा चौथा वर्ग. इतपत भौतिकी पक्की आहे. पण इम्पिडन्स घसरवणारं केरोजेन एकटंच नसतं. सच्छिद्रता वाढली, वायू आला, छिद्रांतला दाब वाढला तरी तो घसरतो. कोळसा तर सगळ्यांत फसवा, आणि खंबातच्या खोऱ्यात कॅम्बे शेलच्या वर कलोलच्या थरांत कोळसा आहेच. त्याची परावर्तनं इतकी जोरकस असतात की खालचं सगळं त्यांच्या सावलीत येतं आणि त्यांचे मल्टिपल (थरांमध्ये पुन्हा पुन्हा आपटून आलेले प्रतिध्वनी) खऱ्या थरांसारखे दिसू लागतात. तिथं नुसता अ‍ॅम्प्लिट्यूडचा (परावर्तनाच्या जोराचा) नकाशा काढून ‘समृद्ध शेल’ म्हणणं धाडसाचं आहे. आधी विहिरींत गॅमा, डेन्सिटी, सॉनिक आणि रेझिस्टिव्हिटी लॉग एकत्र लावून सेंद्रिय कार्बनचा अंदाज काढ, कोअरच्या (विहिरीतून काढलेल्या खडकाच्या नमुन्याच्या) मोजणीशी ताडून पाहा, आणि मगच इम्पिडन्सशी त्याचं नातं आहे का ते बघ. नातं विहिरीतच दिसत नसेल, तर सिस्मिकमध्ये ते शोधू नकोस.

थराची जाडीही बघ. शेलमध्ये वेग ३६०० मीटर प्रति सेकंद आणि डेटाची मुख्य वारंवारता ३० हर्ट्झ असेल तर तरंगलांबी १२० मीटर, आणि माथा व तळ वेगळे दिसायला किमान तिचा चौथा हिस्सा, म्हणजे ३० मीटर जाडी लागते. तुझा समृद्ध पट्टा १५ मीटरांचा असेल तर अ‍ॅम्प्लिट्यूडमधला बदल जाडीमुळं आहे की खडकाच्या गुणामुळं, हे एका आकड्यावरून सांगता येणार नाही. अशा ठिकाणी स्पेक्ट्रल डिकंपोझिशन (डेटाची वारंवारतेनुसार फोड) उपयोगी पडतं, कारण जाडी बदलली की कुठली वारंवारता उठून दिसते तेही बदलतं.

दुसरा प्रश्न ठिसूळपणाचा. यावर थोडं जास्त लिहितो, कारण सर्वांत जास्त चुका इथंच होतात. गुळाची ढेप डोळ्यांसमोर आण. कोरड्या, कणीदार ढेपेवर एक घाव घातला की ती चार दिशांना फुटते. ओल धरलेल्या ढेपेवर तोच घाव घातला तर नुसता खड्डा पडतो. त्या मऊ गुळावर शेंगदाणा दाबला तर तो रुतून बसतो. चिकणमाती जास्त असलेल्या शेलमध्ये फ्रॅकची वाळू अशीच भेगेच्या भिंतीत रुतते आणि भेग मिटते. आपल्याला हवी ती कोरडी ढेप.

सिस्मिकवरून हे कसं कळणार? जवळच्या आणि लांबच्या ऑफसेटवरची परावर्तनं एकत्र उलटवून, म्हणजे प्रीस्टॅक इन्व्हर्जन करून, पी-इम्पिडन्स (दाबतरंगाचा) आणि एस-इम्पिडन्स (कातरतरंगाचा) मिळतो. त्यातून लॅम्डा-रो आणि म्यू-रो काढता येतात (रो म्हणजे घनता). ही पद्धत बिल गुडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये पुढं आणली. लॅम्डा हा दाबाला होणाऱ्या विरोधाशी निगडित, तर म्यू म्हणजे खडकाच्या सांगाड्याचा ताठपणा. वायूमुळं लॅम्डा-रो खाली येतो, आणि क्वार्ट्झ जास्त असेल तर म्यू-रो वर राहतो. म्हणून क्रॉसप्लॉटवर कमी लॅम्डा-रो आणि जास्त म्यू-रो असलेला कोपरा आधी बघतात. दुसरी रीत यंग्ज मॉड्युलस (ताठपणा) आणि पॉयझन रेशो (दाबल्यावर आडवं फुगण्याचं प्रमाण) यांची सरासरी काढून ‘ब्रिटलनेस इंडेक्स’ बनवायची. २००८ पासून ती फार लोकप्रिय झाली.

मला या इंडेक्सबद्दल मनापासून सावध करायचंय. एक, यंग्ज मॉड्युलस काढायला घनता लागते, आणि सिस्मिकमधून घनता काढायची तर खूप मोठ्या कोनांपर्यंतचा स्वच्छ डेटा हवा, जो जमिनीवरच्या सर्व्हेत क्वचितच मिळतो. म्हणून यंग्ज मॉड्युलस आणि घनता यांचा गुणाकार वापर, तो थेट इम्पिडन्समधून निघतो. दोन, क्वार्ट्झचा पॉयझन रेशो ०.१ च्याही खाली, तर कॅल्साइटचा ०.३ च्या आसपास. चुन्याचं प्रमाण जास्त असलेला शेलही चांगला फुटू शकतो, पण इंडेक्स त्याला कमी गुण देतो. उलट, शेलमधला चुनखडीचा जाड पट्टा फ्रॅकची वाढ अडवतो, आणि त्याचा मॉड्युलस मात्र दणदणीत दिसतो. तीन, सिस्मिकवरून येतो तो डायनॅमिक (तरंगाच्या वेगावरून काढलेला) मॉड्युलस, आणि फ्रॅकच्या डिझाइनला लागतो स्टॅटिक (खडक दाबून मोजलेला). दोन्हींमधलं नातं कोअरवरच ठरतं, खोऱ्यागणिक वेगळं असतं. माझं मत असं, की ठिसूळपणाच्या नकाशाला ‘चांगला-वाईट’ असे शिक्के मारू नयेत. त्याला ताठपणाचा नकाशा म्हणावं आणि प्रत्यक्ष उत्पादनाशी ताडून पाहावं.

तिसरा प्रश्न भेगांचा आणि फॉल्टचा. इथं दोन अ‍ॅट्रिब्यूट खरोखर कामाची आहेत. कोहेरन्स शेजारशेजारच्या ट्रेस (एकेका जागची तरंगाची नोंद) एकमेकांसारख्या आहेत का ते मोजतं. बाहोरिच आणि फार्मर यांनी ते १९९५ मध्ये मांडलं, आणि फॉल्ट हाताने ओढायच्या आमच्या सवयीच बदलल्या. थर तुटून सरकला की कोहेरन्समध्ये काळी रेघ उमटते. पण सरकणं फार थोडं असेल तर तरंग तुटत नाही, नुसता वाकतो. तिथं थराचा बाक मोजणारं कर्व्हेचर कामी येतं. मोस्ट-पॉझिटिव्ह कर्व्हेचर उंचवटे दाखवतं, मोस्ट-निगेटिव्ह खोलगट भाग. छोट्या फॉल्टच्या वरच्या बाजूला पॉझिटिव्हची आणि खालच्या बाजूला निगेटिव्हची रेघ अशी जोडी दिसते, आणि फॉल्ट या दोन रेघांच्या मधे असतो. नवखा माणूस नेमका रेघेवरच फॉल्ट काढतो.

बार्नेटमध्ये या अ‍ॅट्रिब्यूट्सनी घातापासून वाचवण्याचं मोलाचं काम केलं. त्या शेलच्या खाली एलेनबर्गर नावाची चुनखडी-डोलोमाइटची मालिका आहे, कार्स्टच्या (पाण्यानं खडक विरघळून झालेल्या) खड्ड्यांनी पोखरलेली आणि खाऱ्या पाण्यानं भरलेली. मधला अडवणारा थर जिथं नाही, तिथं फ्रॅक खाली उतरला तर विहीर पाणी ओकू लागते. कोसळलेले ते खड्डे कोहेरन्समध्ये गोल डागांसारखे आणि कर्व्हेचरमध्ये बशीसारखे दिसतात. आडवी विहीर त्यांना वळसा घालून न्यायची. शेलमध्ये अ‍ॅट्रिब्यूटचा सर्वांत भरवशाचा उपयोग हाच, असं माझं ठाम मत आहे. विहीर कुठं न्यावी यापेक्षा कुठं नेऊ नये हे सिस्मिक जास्त खात्रीनं सांगतं.

कर्व्हेचर जास्त म्हणजे भेगा जास्त, हे मात्र गृहीत धरू नकोस. वाकलेला थर भेगाळला असण्याची शक्यता असते. पण त्या भेगा पुढं कॅल्साइटनं भरून निघाल्या असतील, तर आज त्यांचा उपयोग नाही. कुठल्या भेगा उघड्या राहतील हे आजचा ताण बऱ्याच अंशी ठरवतो. सर्वाधिक आडव्या ताणाला समांतर असलेल्या भेगा उघड्या राहण्याची शक्यता जास्त. हा ताण विहिरीच्या भिंतीवरच्या पडझडीवरून आणि इमेज लॉगवरून (त्या भिंतीच्या चित्रावरून) मोजतात. याचं काम पाहायचं असेल तर लांब जायला नको. कराडला बोअरहोल जिओफिजिक्सची सरकारी संशोधन प्रयोगशाळा आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर कोयना जगाच्या नकाशावर आली. त्या परिसरात या प्रयोगशाळेनं काळ्या दगडातून पार होऊन खालच्या ग्रॅनाइट-नाइसमध्ये ३ किलोमीटरांपर्यंत पायलट बोअरहोल नेलं आहे. तेलाचा तिथं संबंध नाही, पण भेगा आणि ताण यांचं शास्त्र तेच.

भेगांची दिशा सिस्मिकवरूनही काढता येते. उभ्या भेगांच्या संचाला आडवा जाणारा तरंग हळू जातो, समांतर जाणारा वेगानं. सर्व दिशांनी नोंदलेला डेटा असेल तर दिशेनुसार वेग आणि अ‍ॅम्प्लिट्यूड लाटेसारखे वरखाली होतात, त्यावरून भेगांची दिशा आणि तीव्रता कळते. अ‍ॅम्प्लिट्यूडवरून काढलेल्या दिशेत ९० अंशांचा घोळ राहू शकतो, तो वेगावरून किंवा इमेज लॉगवरून सोडवावा लागतो. आणि वरच्या थरांतला दिशाभेद आधी काढून टाकला नाही, तर वरच्या थराचीच कहाणी खालच्या शेलच्या नावावर खपते. तुझा सर्व्हे अरुंद दिशेचा असेल, तर या वाटेला जाऊच नकोस.

आता माझ्या हातून घडलेली चूक सांगतो. २००८-०९ च्या सुमारास पश्चिम भारतातल्या एका ब्लॉकवर काम करत होतो. कर्व्हेचरच्या नकाशावर उत्तर-दक्षिण रेघांची एक सुरेख माळ दिसली. भेगांचे पट्टे म्हणून मी त्या दाखवल्या आणि त्यांतल्या एका पट्ट्यावर विहीर सुचवली. विहीर झाली. इमेज लॉगमध्ये सांगण्यासारखी भेग सापडली नाही. त्या रात्री मी सर्व्हेच्या लाइनींचा मूळ नकाशा काढून कर्व्हेचरवर ठेवला. रेघांमधलं अंतर आणि रिसिव्हर लाइनींमधलं (तरंग नोंदणाऱ्या उपकरणांच्या रांगांमधलं) अंतर तंतोतंत सारखं होतं. गावं, कालवे आणि उभी पिकं टाळायला शॉट (तरंग सोडण्याच्या जागा) सरकवले होते, त्यामुळं ऑफसेट असमान पडले आणि डेटावर सर्व्हेचाच ठसा उमटला. कर्व्हेचर हे दुसऱ्या क्रमाचं डेरिव्हेटिव्ह आहे. डोळ्यांना न दिसणारी बारीक सुरकुतीही ते मोठी करून दाखवतं. खर्च झालेला पैसा कंपनीचा होता, पण विहीर सुचवणारी सही माझी होती. ते अजून मनातून गेलेलं नाही.

म्हणून अ‍ॅट्रिब्यूट काढण्याआधी डेटा स्वच्छ करण्यात आठवडा गेला तरी तो वाया गेला असं समजू नकोस. थराच्या उताराला धरून चालणारा फिल्टर लाव, म्हणजे नॉइज जातो आणि फॉल्टच्या कडा शाबूत राहतात. गॅदर (एकाच जागेच्या वेगवेगळ्या ऑफसेटवरच्या नोंदी) सपाट आहेत का ते पाहा. ते वाकडे असतील तर इन्व्हर्जनमधून येणारा पॉयझन रेशो निव्वळ कल्पना ठरते.

चाळीस अ‍ॅट्रिब्यूट आणि पाच विहिरींबद्दल एक हिशोब मांडतो. कशाचाही कशाशी काडीचा संबंध नाही असं समज. तरीही पाच विहिरींवर एखाद्या अ‍ॅट्रिब्यूटचा उत्पादनाशी सहसंबंध केवळ योगायोगानं ०.७ किंवा त्याहून जास्त, धन वा ऋण, निघण्याची शक्यता सुमारे १९ टक्के असते. अशी परस्परांपासून स्वतंत्र दहा अ‍ॅट्रिब्यूट तपासलीस, तर त्यांतलं किमान एक तरी असं ‘जुळण्याची’ शक्यता सुमारे ८८ टक्के. वीस विहिरी असत्या, तर एकट्या अ‍ॅट्रिब्यूटसाठी हीच शक्यता हजारात एकाहून खाली येते. न्यूरल नेटवर्क आणि सेल्फ-ऑर्गनायझिंग मॅप या डेटातले नमुने आपोआप शोधणाऱ्या साधनांनाही हा नियम सुटत नाही. ती साधनं मी वापरली आहेत, पुढंही वापरावीत असं सांगेन, पण त्यांत घालायची चार-पाच अ‍ॅट्रिब्यूट आधी खडकाच्या कारणावरून निवडून. पाचपैकी एक विहीर बाजूला ठेव, तिच्याकडं पाहूसुद्धा नकोस, आणि शेवटी तुझं भाकीत तिच्यावर तपास.

तुझ्या प्रकल्पासाठी मी पी-इम्पिडन्स, लॅम्डा-रो, म्यू-रो, कोहेरन्स आणि दोन्ही कर्व्हेचर घेईन. थर पातळ असेल तर स्पेक्ट्रल डिकंपोझिशन. इन्स्टंटेनियस फेज थर कुठवर सलग जातो ते पाहायला ठेव. बाकीची बहुतेक याच गोष्टी वेगळ्या नावानं सांगतात.

हात बसवायला आणखी डेटा हवा असेल तर वायोमिंगमधल्या टीपॉट डोमचा थ्रीडी सर्व्हे खुला आहे. भेगाळलेल्या घुमटावर कर्व्हेचर कसं वागतं हे शिकायला तो उत्तम. ओपनडीटेक्ट हे सॉफ्टवेअर त्यासाठी पुरेसं आहे.

आणि सुरुवात या आठवड्यातच कर. तुझ्या सर्व्हेच्या शॉट आणि रिसिव्हर लाइनींचा नकाशा मागवून घे. कर्व्हेचर त्याच मापात छापून दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धर. रेघा जुळल्या तर ते कर्व्हेचर बाजूला ठेव, डेटा पुन्हा स्वच्छ कर आणि मग मला लिही. नाही जुळल्या, तर विहिरींतले इमेज लॉग उघड आणि भेगांच्या दिशा मोजायला लाग.